सागाचा ठोकळा आणि धानोऱ्याचं घड्याळ

मूल, ११ मार्च २०२५

सुरेंद्र मिस्त्री, धानोरा, यांना मूलच्या लटारू मिस्त्रीकडून नमस्कार.

पत्र लिहिण्याचे कारण असे की, ऑटोमॅटिक गेअरबॉक्सचे प्रेशर मोजायचे एक घड्याळ आपल्याकडे आहे. ते मला आठ दिवसांकरिता पाहिजे. आपण दोघांनी नऊ वर्षे एका शेडखाली काम केले, तेव्हा वस्तू सांभाळून वापरण्याची वेगळी हमी द्यावी लागणार नाही असे समजतो.

फोनच करणार होतो. परंतु आपल्या फोनातली बाई गेली सहा वर्षे मला एकच वाक्य ऐकवत आहे. तिचा आवाज गोड आहे, पण उत्तर काही बदलत नाही. म्हणून हे पत्र चंद्रपूर-धानोरा बसचे गुणवंतराव कंडक्टर यांच्या हाती देत आहे. घड्याळही त्यांच्याच हाती द्यावे. त्यांच्या सीटखाली कोंबडीची अंडी न फुटता येतात, तर घड्याळ येईलच.

गाडी आपल्या ओळखीची आहे. डॉक्टरसाहेबांची पांढरी ऑटोमॅटिक. तीन वर्षांपासून ती प्रेमिलाबाईंकडे आहे. या बाईंचा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेला. क्लच दाबायला जो पाय लागतो तोच. त्यामुळे दुसरी कोणतीही गाडी त्यांच्या उपयोगाची नाही. मोहाच्या दिवसांत त्या स्वतः गाडी चालवत धानोऱ्याकडच्या चौदा गावांत जातात, बायकांकडून मोहफुले घेतात आणि इथे आणून त्याचे लाडू करून विकतात. मोह पंधरा-वीस दिवसांत गळायला लागेल, म्हणजे घाई आहे.

तक्रार अशी: डी मध्ये टाकली की गाडी दोन-तीन सेकंद विचार करते, मग एकदम झटका देऊन उचलते. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना इंजिन नुसते ओरडते, गाडी ओढत नाही. गरम झाली की जास्त. आणि बारीक, लांब सूर आहे, मच्छर कानाशी आल्यासारखा. न्यूट्रललाही येतो, रेस दिली की वर चढतो.

माझे मत तयार आहे. परंतु आकड्याने खात्री झालेली बरी.

इतकेच. घड्याळाची वाट पाहतो.

लटारू

मूल, १५ मार्च

सुरेंद्र,

गुणवंतराव म्हणाले, तू पत्र उभ्याउभ्या वाचलं, घडी घातली अन् ग्रीसच्या डब्याखाली ठेवलं. फाडलं नाई ना, असं मी विचारलं. म्हणाले, "नाई जी, फाडलं नाई. बोललाही काही नाई. पण मले चहा पाजला, अन् साखर दोनदा विचारली." आता ज्याले खरंच राग असते तो साखर दोनदा विचारत नाई. हे माझं म्हणणं. तुझ्या वहिनीचं म्हणणं वेगळं आहे. ते पत्र पाठवायच्या आधी तिनं वाचलं होतं अन् तेव्हा गप्प राहिली होती. काल भाकर वाढताना बोलली, "तहसीलदाराले अर्ज केल्यासारखं लिवलं तुमी. असा अर्ज तर तहसीलदारही मंजूर करत नाई. जसं बोलता तसं लिवा."

म्हणून हे जसं बोलतो तसं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की माझं मत तयार आहे. मत तयार होतं हे खरं, पण ते मी खिशात ठेवलं नव्हतं. सांगून मोकळा झालो होतो. सात तारखेले, शुक्रवारी, प्रेमिला गाडी घेऊन आली. मी बॉनेटही उघडलं नाई. तिले रेस द्यायला लावली, डोळे मिटले, तो मच्छराचा सूर ऐकला अन् म्हणालो, पंप गेला, गेअरबॉक्स संपला. याच्यावर खर्च करण्यात अर्थ नाई, गाडीच्या किमतीपेक्षा गेअरबॉक्स महाग पडल.

तुले माहीत आहे मी कसं सांगतो ते. शेडमध्ये चार माणसं होती, तर अजूनच छान सांगितलं.

ती लगेच रडली-बिडली नाई. स्टिअरिंगवरचे हात तसेच ठेवले अन् विचारलं, "भाऊ, हे कानानं सांगता का खात्रीनं?" मी म्हणालो, माझा कान म्हणजेच खात्री. ती म्हणाली, "बरं." गाडी शेडमध्येच सोडली अन् घरी जाऊन चंद्रपूरच्या भंगारवाल्याले फोन लावला. तो पंचवीस तारखेले ट्रक घेऊन येते.

मग आता मले घड्याळ काऊन पायजे, असं तू विचारशील. विचार. ती गेल्यावर मी सहज तेलाची पट्टी काढून पाहिली. तू शिकवलं होतं तसं, इंजिन गरम करून, चालू ठेवून. बंद गाडीत पाहणाऱ्याले तू हसत होतास. तर तेल बरोबर खुणेवर. अन् लाल. काळं नाई, जळका वास नाई. कापूस लावून पाहिला, कापसावरही लालच. आता मले सांग, गेअरबॉक्स संपला असता तर आतल्या प्लेटा जळल्या असत्या अन् तेल उसाच्या काकवीसारखं झालं असतं. हे तर कुंकवासारखं.

माझा कान एक सांगते अन् तेल दुसरं. अशा वेळी आपल्या शेडमध्ये तिसरं कोण बोलत होतं, ते तुले ठाऊक आहे.

पंचवीसच्या आत पाठव.

लटारूभाऊ

मूल, १९ मार्च

सुरेंद्र,

गुणवंतराव हात हलवत आले. म्हणाले, दुसरं पत्र तू बसून वाचलं. पहिलं उभ्यानं, दुसरं बसून. मी त्यांना म्हणालो, तिसरं निजून वाचल. ते म्हणाले, "लटारूभाऊ, तुमी खरी गोष्ट लिवा, तो धावत येऊन वाचल." हा माणूस तिकिटं फाडायच्या कामात वाया गेला.

तर खरी गोष्ट.

सहा वर्षांपूर्वी हीच गाडी आपल्या शेडमध्ये उभी होती. गेअर उशिरा पडत होते अन् पडताना धक्का देत होते. मी कान लावला अन् म्हणालो, गेअरबॉक्स गेला. तू घड्याळ लावलं अन् म्हणालास, प्रेशर बरोबर आहे, दोष बाहेर आहे, अ‍ॅक्सिलरेटरपासून गेअरबॉक्सकडे जाते ती केबल पाहू. डॉक्टरसाहेब होते, सिमेंटवाले दोन ड्रायव्हर होते, पानठेल्यावरचे पोट्टे होते. त्या सगळ्यांसमोर मी म्हणालो, "घड्याळ पाहून टाइम कळते रे, बिमारी नाई." सगळे हसले. तू नाई हसलास. दुसऱ्या दिवशी तुझा पाना-पेटारा नव्हता.

हे तुले माहीतच आहे. आता तुले माहीत नाई ते लिहितो.

डॉक्टरसाहेब गाडी टो करून नागपूरले घेऊन गेले. महिनाभरानं मले रस्त्यात भेटले. म्हणाले, "लटारू, तिथल्या मिस्त्रीनं एक केबल चार आटे ताणली. वीस मिनिटांत झालं." मी म्हणालो, छान झालं साहेब. अन् घरी येऊन गप्प बसलो. पाच वर्षं अकरा महिने गप्प बसलो. तीच गाडी डॉक्टरांनी प्रेमिलाले विकली अन् ती दर तीन महिन्यांनी तेलपाण्याले माझ्याच दारात येऊ लागली. तुझा साक्षीदार चार चाकांवर येऊन उभा राहत होता अन् मी त्याच्या काचा पुसत होतो.

अजून एक आहे. घड्याळाची नळी गेअरबॉक्सले लावायचं ते पितळी निपल. ते तुले जाताना सापडलं नाई. त्या संध्याकाळी तू पेटारा उलटा करून शोधत होतास, मी चहा पीत होतो. ते माझ्या ड्रॉवरमध्ये होतं. लपवलं नव्हतं मी, सुरेंद्र, आधीपासूनच होतं. पण काढून दिलंही नाई. वाटलं, त्याच्यासाठी तरी परत येशील. तू आला नाईस अन् मग द्यायची लाज वाटायला लागली. म्हणजे सहा वर्षं अर्धं घड्याळ तुझ्याकडे अन् अर्धं माझ्याकडे. दोघांच्याही काही कामाचं नाई.

काल प्रेमिला आली होती, गाडीतलं सामान काढायले. एक उशी, दोन ताडपत्र्या, वजनकाटा, पाण्याची कॅन. सामान काढलं अन् मग ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली, दार उघडं ठेवून. मी विचारलं, आता कसं करशील. म्हणाली, भाऊ मोटरसायकलवर नेतो म्हणते. मग म्हणाली, "नेईल ना, चांगला आहे तो. पण त्याच्या टाइमानं नेईल. बायका पहाटे मोह वेचतात, नऊ वाजेतोवर व्यापाऱ्याची गाडी येते. मी नऊच्या आत पोहोचली तर मले देतात. नाई तर त्याले देतात, तो देईल त्या भावात." अन् मग जे म्हणाली ते मी तसंच लिहितो. "या गाडीच्या आधी, लटारूभाऊ, मी कुठी गेली असं कधी झालंच नाई. मले नेलं, असंच झालं."

मी हातातला पाना खाली ठेवला. मी उगाच कंप्रेसर चालू केला, आवाज व्हावा म्हणून.

निपल या पत्रासोबत पाठवत आहे, बेअरिंगच्या डबीत, कापसात. आता दोन्ही अर्धे तुझ्याकडे. पाठवायचं की नाई ते तू ठरव. मी मागत होतो तेव्हा माझ्या हातात काहीतरी होतं. आता काही नाई.

लटारूभाऊ

मूल, २२ मार्च

सुरेंद्र,

आलं. गुणवंतरावांनी मांडीवर घेऊन आणलं, तुझ्या गमछ्यात गुंडाळून. बस स्टँडवर थांबायच्या आधीच दारातून हात हलवत होते, जसं काही लेकरू घेऊन आले. निपल बसवलेलं, टेप लावून, घट्ट. अन् सोबत चिठ्ठी. सहा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, अजून तसंच आहे, मुंग्या निघाल्यासारखं.

"आयडलले वाचा. मग रेस देऊन वाचा. दोन्ही लिहून पाठवा. कान लावू नका."

वहिनीले दाखवली. ती म्हणाली, "अजून 'वाचा' म्हणते, 'वाच' नाई म्हणत. मानते तो." मी म्हणालो, मिस्त्री रागात असला की जास्त अदबीनं बोलते. ती म्हणाली, "तुमाले अदब कुठी माहीत."

तर घे आकडे. गाडी गरम करून, गेअरबॉक्सच्या बगलेतला स्क्रू काढून, तुझी नळी लावून. ब्रेकवर पाय, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. आयडलले, म्हणजे रेस न देता, अठ्ठावन्न पौंड, काटा जवळजवळ थिर. हे वाईट नाई असं मले आठवते. मग रेस दिली. सुरेंद्र, मी रेस वाढवून राह्यलो अन् काटा खाली येऊन राह्यला. पन्नास, बेचाळीस, तीस. अन् नुसता उतरत नाई, थरथरते. तापात माणसाचे दात वाजतात तसा. रेस सोडली की पुन्हा अठ्ठावन्न.

तीनदा केलं. तिन्ही वेळा तसंच.

म्हातारा पंप आयडलले हलका पडते अन् रेस दिली की थोडा तरी जीव धरते, एवढं मले समजते. पोट्टं दमलं तरी शिट्टी वाजवली की पळते. हे तर उलटं आहे. जितकं पळवावं तितकं बसते. असं मी आयुष्यात पाहिलं नाई, कारण प्रेशर नावाची गोष्ट मी कधी पाहिलीच नाई, नुसती ऐकली.

कान लावू नका म्हणालास, नाई लावला. खरं लिहितो, थोडा लावला. काटा खाली येते तेव्हा तो मच्छराचा सूर वर जाते. दोन्ही एकाच वेळी.

उद्याच्या बसनं उत्तर पाठव. मंगळवारी भंगारवाला येते.

लटारूभाऊ

मूल, २४ मार्च

सुरेंद्र,

तुझी चिठ्ठी काल दुपारी आली. "पंप मेला नाई, उपाशी आहे. तेल आहे पण त्याच्या तोंडात जात नाई. खालचं चेंबर खोला, जाळी बघा."

वाचलं अन् मी खुर्चीवर बसलो. उपाशी लेकरू रडते अन् बिमार लेकरूही रडते. माझ्या कानानं रडणं बरोबर ऐकलं होतं. पण रडणं ऐकलं की बिमार, एवढंच मले माहीत. दूध पाजून पाहावं हे नाई सुचलं.

आज सकाळी गाडी वर घेतली. तेल काढलं, बोल्ट काढायच्या आधी चेंबरवर, म्हणजे तळाशी तेल साठते त्या पत्र्याच्या भांड्यावर, हात फिरवला, तर हाताले खड्डा लागला. कपड्यानं चिखल पुसला. बरोबर मध्ये चेंबर आत दबलेलं. खोलून पाहिलं तर दबलेला भाग थेट, पंप जिच्यातून तेल ओढते त्या जाळीच्या तोंडाशी जाऊन टेकलेला. एक कागद जाईल इतकीच जागा. आयडलले पंपाले थोडं तेल लागते, तेवढं त्या फटीतून मिळत होतं. रेस दिली की जास्त मागायचा अन् मिळायचं नाई. तेल कुठी सांडलं नव्हतं, म्हणून पट्टी खुणेवरच दाखवत होती. जाळी साफ, चुंबकावर नेहमीची बारीक धूळ. गेअरबॉक्सले काही झालेलं नाई.

जंगलातला रस्ता, मी मनात म्हणालो. दगड लागला असल, खुंट लागला असल. प्रेमिलानं कुठी आपटली असल.

मग चेंबर उजेडात नेलं.

दगडाचा खड्डा गोल पडते. हा चौकोन होता. चारही कोपरे धारदार, पट्टीनं आखल्यासारखे. अन् चौकोनाच्या एका बाजूले, दोन बोटं आत, टिकलीएवढा अजून एक खोल खड्डा.

सुरेंद्र, माझा सागाचा ठोकळा तुले आठवते. जॅकवर ठेवायचा तो. लोखंड लोखंडाले लागू नये म्हणून मी जॅक अन् गाडीच्या मध्ये तो ठेवतो अन् सगळ्यांना सांगतो की साग आहे, सागानं गाडीले ओरखडाही येत नाई. हरवू नये म्हणून मी त्याले टपोऱ्या डोक्याचा खिळा ठोकून सुतळी बांधली आहे. मी तो ठोकळा आणला अन् चेंबरच्या खड्ड्यात ठेवला. बसला. खिळा टिकलीत बसला. कुलपात चावी बसावी तसा.

जानेवारीच्या शेवटी प्रेमिला सायलेन्सरचा रबर बदलायले आली होती. मीच जॅक लावला. घाईत मधोमध लावला, गेअरबॉक्सच्या पोटाखाली. ओरखडा खरंच नाई आला.

म्हणजे गाडी मी बिघडवली, मीच ती मेली म्हणून सांगितलं, अन् माझ्याच सांगण्यावरून उद्या ट्रक येते.

आता अशी गोष्ट आहे. चेंबर मी आतून लाकडी हातोडीनं ठोकून सरळ केलं आहे. पॅकिंग शीट कापून बनवलं, जाळी धुतली, नवं लाल तेल आहेच. संध्याकाळपर्यंत गाडी उभी राहील. प्रेमिलाले मी म्हणू शकतो की बाई, दगड लागला होता, मी शोधून काढला. ती मले देव म्हणेल. चौदा गावांत माझं नाव होईल. खिळ्याची टिकली ठोकताना गेली, आता चेंबरवर काही दिसत नाई. या क्षणी ही गोष्ट फक्त मी अन् ठोकळा जाणतो.

अन् तू. तुले लिहून टाकली, म्हणजे माझी मलेच सोय राहू नये.

लटारूभाऊ

मूल, २८ मार्च

सुरेंद्र,

हे पत्र अन् तुझं घड्याळ, निपलासकट, प्रेमिला घेऊन येत आहे. उद्या तिची पहिली फेरी. तुझ्या दुकानापुढच्या चढावर तिले थांबू नको असं सांगितलं आहे, आधी चढ चढून मग वळवून ये म्हणालो. तू बाहेर असलास तर ऐक. घड्याळ नंतर लाव.

मंगळवारी काय झालं ते तिच्या तोंडून ऐकशीलच, पण ती मीठ-मसाला लावते. साधं मी सांगतो.

भंगारवाला दहाले आला. त्याच्या मागून प्रेमिला आली, गाडीचे कागद घेऊन, भावाच्या मोटरसायकलवर मागे बसून. पानठेल्यावरचे होते. गुणवंतरावांची सुट्टी होती, तेही आले होते, तमाशा पाहायले. म्हणजे साधारण तेवढीच माणसं, जेवढी तुझ्या वेळी होती. मी मोजली.

मी ठोकळा हातात घेतला अन् सांगायले सुरुवात केली. आधी घड्याळाचे आकडे सांगितले. मग चेंबर. मग जॅक. मग खिळा. पहिल्यांदा वाटत होतं की हे एक वाक्य तोंडातून निघणार नाई. निघालं. मग म्हणालो की हे माझ्या कानानं नाई सापडलं, धानोऱ्याच्या सुरेंद्र मिस्त्रीनं शोधून काढलं, घरी बसून, दोन आकड्यांवरून. अन् सहा वर्षांपूर्वी याच गाडीबद्दल तो बरोबर होता अन् मी चूक. तेव्हा मी सगळ्यांना त्याच्यावर हसवलं होतं, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो.

कोणी हसलं नाई. पानठेल्यावर कोणीतरी खोकललं.

प्रेमिलानं ठोकळा माझ्या हातातून घेतला, खिळ्यावर बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हणजे भाऊ, लंगडी तुमीच केली, अन् वर मलेच सांगत होते की तिचं वय झालं." मी म्हणालो, हो. "अन् मी तिची उशी काढून घरी नेली." मी म्हणालो, हो बाई.

मले वाटलं आता जे बोलल ते मले जन्मभर पुरल. तिनं भंगारवाल्याले सांगितलं, "दादा, चहा पिऊन जा, गाडी नाई भेटत." मग मले म्हणाली, मजुरीचं नाव काढायचं नाई, पण तेवढ्यानं सुटका नाई. हा ठोकळा गॅरेजच्या दारावर टांगायचा. त्याच्याच सुतळीनं. अन् जो विचारल, हे काय आहे, त्याले पूर्ण गोष्ट सांगायची. अर्धी नाई. सुरेंद्रभाऊच्या नावासकट.

टांगला आहे. आजपर्यंत नऊ जणांनी विचारलं. दहाव्यानं विचारलं नाई, तर वहिनीनं आतून आवाज दिला, "अहो, त्याले ठोकळ्याचं सांगा ना."

ट्रायल तिनंच घेतली. मी बाजूच्या सीटवर. डी मध्ये टाकली, अन् गाडी विचार न करता निघाली. चंद्रपूर रोडवर दुसऱ्यावरून तिसऱ्यावर कधी गेली ते मले कळलं नाई. मी कान लावून बसलो होतो तरी कळलं नाई. मच्छर गायब. परत येऊन घड्याळ लावलं: आयडलले साठ, रेस दिली तर एकशे तीसच्या वर, काटा थिर. मी तिले दाखवलं. ती म्हणाली, "हे मले काऊन दाखवता, मले तर बुडाले कळलं."

धानोऱ्याकडे मोह गळायले लागला असं गुणवंतराव म्हणतात. ती उद्या चारले निघते, नऊच्या आत पोहोचायचं आहे.

घड्याळ पूर्ण आहे. निपल मी काढून ठेवलं नाई. मोह झाला, लपवणार नाई. काढलं होतं, अर्धा तास टेबलावर ठेवलं होतं. मग बसवलं, टेप लावून, तुझ्यासारखं घट्ट.

लटारूभाऊ

मूल, ३० मार्च

सुरेंद्र,

प्रेमिला काल संध्याकाळी आली. मागच्या सीटवर पाच पोती मोह, गाडीभर वास, अन् पोत्यांच्या मधात, तुझ्या गमछ्यात, घड्याळ. मले वाटलं तू घेतलंच नाईस. मग तिनं चिठ्ठी दिली.

"दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना बारीक झटका आहे. चढावर ऐकला. मंगळवारी येऊन बघतो. तोवर घड्याळ तिथंच राहू द्या."

म्हणजे तू कान लावलास. चिठ्ठीत 'ऐकला' लिहिलं आहे, वहिनीलेही वाचून दाखवलं.

आता तुझं काम अन् माझं काम वेगळं नाई, म्हणून सांगतो. आज सकाळपासून मी ती गाडी चारदा चालवली. रिकामी चालवली, पोत्यांसकट चालवली, मूलच्या पुलाच्या चढावर चालवली. घड्याळ लावून पाहिलं, डोळे मिटून पाहिलं. झटका नाई. लोण्यासारखी जाते. अन् मंगळवारी एक एप्रिल आहे, हेही मी कॅलेंडरवर पाहून ठेवलं.

पण तू म्हणतोस तर असल. बारीक झटके सगळ्यांनाच ऐकू येत नाईत. तुझ्या जागेवरचा दिवा जळत नव्हता, आज नवा लावला. बाक पुसला. तुझा तो वाकडा स्क्रू-ड्रायव्हर मी वापरत होतो, तो परत खिळ्यावर अडकवला. गुणवंतराव म्हणतात की मंगळवारी तुझ्या तिकिटाचे पैसे ते घेणार नाईत, स्वतःच्या खिशातून भरणार.

प्रेमिलाले विचारलं, तुले लागला का ग झटका. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग दारावरच्या ठोकळ्याकडे पाहिलं.

म्हणाली, "मंगळवारपर्यंत आहे म्हणा, भाऊ."

लटारूभाऊ